महादेवप्पांचं लॉन

किशनरावच्या पत्राला वेळेवर उत्तर टाकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, हे महादेवप्पांना आजही मान्य आहे. पण उत्तर टाकायचं म्हणजे आधी काय लिहायचं ते ठरवावं लागतं, आणि ठरवणं या एका गोष्टीशी त्यांचं आयुष्यभर जमलं नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी लातूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते डोळे मिटून सांगत. पण ते चांगलं आहे का, असं कुणी विचारलं की चष्मा पुसायला घेत.

किशनराव उमरीचा. शाळेपासूनचा दोस्त. त्याला ऐकू कमी यायचं आणि महादेवप्पांना फोनवर बोलायचं सुचायचं नाही, म्हणून जगानं टाकून दिलेलं पोस्टकार्ड या दोघांनी अजून धरून ठेवलं होतं. किशनरावनं लिहिलं होतं:

‘मादेवा, लॉन केलंस हे वाचून लई आनंद झाला. तू धंद्यात पडशील असं सपनात वाटलं नव्हतं. आपल्या पुनमची सोयरीक किल्लारीला जमली. साखरपुडा तुझ्याच लॉनवर करायचा, त्या लोकांना लातूर जवळ पडतं. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार नातीच्या नावावर धर. पत्राला पत्र पाठव. न्हाई आलं तर होकार समजतो. तुझा स्वभाव मला ठाऊक हाय.’

महादेवप्पांनी कार्ड उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. मग चूक लक्षात आली. चूक त्यांचीच होती.

आपल्या भागात लॉन म्हणजे काय, हे शेंबडं पोर सांगेल. लॉन म्हणजे कमान, स्टेज, आचाऱ्याची शेड आणि गाड्या लावायला रान. गावाबाहेर निघालं की दोन्ही बाजूंनी लॉन्सच लॉन्स; आत गवत असेलच असं नाही, बहुधा नसतंच. आणि महादेवप्पांनी मागच्या पत्रात लिहिलं होतं, ‘सुदर्शनच्या हट्टापायी घरापुढे लॉन करत आहोत.’ आधी त्यांना ‘हिरवळ’ हा शब्द सुचला होता. पण किशनराव पुस्तकी म्हणून हसेल, या भीतीनं त्यांनी तो खोडला. जन्मात एकदा पुस्तकी शब्द टाळला, आणि तेवढाच अंगाशी आला.

सुदर्शन हा त्यांचा मुलगा. पुण्याला असतो आणि आईवडिलांची काळजी व्हॉट्सॅपवर करतो. गणपतीला आला तेव्हा त्यानं अंगणाकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर एक्स-रेकडे पाहतात. अंगणात सीताफळाचं झाड होतं, कढीपत्ता होता, कूलरचा सांगाडा होता, वॉशिंग मशीनच्या जुन्या टबात तुळस होती, आणि एका कोपऱ्यात विटांचा ढीग होता, जो घर बांधतानाच उरला होता आणि पुढं कधीतरी लागेल म्हणून देवासारखा जपला होता. धुण्याची दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली बाज, बाजेवर मिरच्या.

“बाबा, हे अंगण आहे का भंगारचं दुकान?” सुदर्शन म्हणाला. “मी पूर्ण लँडस्केप करून देतो. खर्च माझा. तुम्ही फक्त मधे बोलू नका.”

ही अट महादेवप्पांना सोपी होती. त्यांच्या बायकोला, पार्वतम्मांना, नव्हती.

नांदेडहून प्रियदर्शनी नावाची मुलगी आली. ती हेच शिकलेली. आली, फीत लावून अंगण मोजलं, आणि लॅपटॉपवर असं चित्र दाखवलं की महादेवप्पांना आपल्याच घरात जायला परवानगी घ्यावी लागेल असं वाटलं. मधे हिरवंगार लॉन. कडेला शहाबादी फरशीची वाट, तीही सरळ नाही, साप गेल्यासारखी. सीताफळाखाली लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा. एका बाजूला फायर पिट.

“हे काय हो?” पार्वतम्मांनी बोट ठेवलं.

“फायर पिट, काकू. थंडीत याच्याभोवती बसायचं.”

“चूल की.”

“चूल नाही, काकू. याच्यावर काही शिजवायचं नसतं.”

“मग पेटवायची कशाला?”

प्रियदर्शनीनं पुढचं चित्र काढलं. “आणि इथं वॉटर बॉडी.”

“बॉडी?” पार्वतम्मा उदगीरच्या, घाबरल्या की माहेरची कानडी वर यायची. “अय्यो. सरकारी दवाखान्यात ठेवत्यात ती बॉडी. दारात नको बाई.”

“छोटा हौद, काकू. त्यावर कारंजं.”

“लातुरात? नळ कधी येईल त्याच्यावर इथं पैजा लागतात, आणि कारंजं? पाणी आलं की आधी पिंपं भरू का कारंजं?”

कारंज्यावरून आणखी एक गोष्ट निघाली. सुदर्शननं नमुना म्हणून फोटो धाडला होता, त्यात बुद्धाच्या मूर्तीच्या डोक्यावरून पाणी वाहत होतं. प्रियदर्शनीनं फोटो बाजूला सारला.

“हे मी करत नाही. आमच्या घरात बुद्धाला वंदना करतात, नळ बसवत नाहीत. लोक तर मला जेवायच्या टेबलावर नुसतं डोकं ठेवा म्हणतात. तुमच्या एखाद्या देवाच्या डोक्यातून काढू का पाणी?”

“काढ की,” पार्वतम्मा म्हणाल्या. “महादेवाच्या डोक्यातून निघतंच.” मग नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण इतकी चांगली संधी सोडायचीही नसते. “आमच्या महादेवाच्या डोक्यातून मात्र काहीच निघत नाही.”

महादेवप्पांनी चष्मा पुसायला घेतला.

त्यांना खरं तर काहीच नको होतं. सीताफळाखाली वाचायला बसता आलं की पुरे. कारंजं रद्द झालं, दोरी मागच्या बाजूला गेली, विटा मात्र टेम्पोतून गेल्या तेव्हा पार्वतम्मा फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. आणि एक दिवस गवत आलं. गुंडाळलेल्या सतरंजीसारखं. माणसांनी ते उलगडलं, पाणी मारलं, आणि काल जिथं मिरच्या वाळत होत्या तिथं हिरवं झालं. महादेवप्पांना कबूल करायला लाज वाटली, पण ते त्यांना आवडलं. सकाळी उठून ते एकटेच त्याच्याकडे बघत उभे राहायचे आणि पाय ठेवायचे नाहीत.

आणि याच सगळ्यात किशनरावचं कार्ड पुस्तकांत खुणेसारखं फिरत होतं.

उत्तर त्यांनी लिहिलं नाही असं नाही. फार वेळा लिहिलं. ‘लॉन या शब्दाचा मूळ अर्थ’ अशी सुरुवात केली, तर ते किशनरावची परीक्षा घेतल्यासारखं वाटलं. ‘क्षमस्व’ अशी केली, तर नोकरीच्या अर्जाला नकार कळवल्यासारखं. ‘जागा अपुरी आहे’ लिहिलं, तर स्वतःलाच वाटलं, नातीच्या कार्यासाठी जागा नाही असं कुणी लिहितं का. शाळेत असताना किशनरावची आई त्याच्या डब्यात यांच्यापुरतंही घालायची, ते आठवलं. मग कागद फाडला. दिवस जात राहिले, आणि प्रत्येक गेलेल्या दिवसाबरोबर उत्तर आणखी अवघड झालं; कारण आता नकाराबरोबर उशिराचं कारणही द्यावं लागणार होतं.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं, आणि एका सकाळी फाटकासमोर जीप थांबली. पुढून किशनराव उतरला, नवं धोतर, हातात पेढे. मागून ग्यानोबा, नवऱ्या मुलाचे मामा, किल्लारीचे, पांढरे कपडे, चेहऱ्यावर पाहणीला आलेल्या इंजिनिअरचा भाव. अंगणात प्रियदर्शनी गवताच्या कडा दाबून घेत होती. महादेवप्पा डेकवर पुस्तक घेऊन बसले होते. ते उठले, आणि उभेच राहिले.

“लॉन कुठं हाय?” ग्यानोबांनी फाटकातून आत पाऊल टाकत विचारलं.

“तुम्ही लॉनवरच उभे आहात,” प्रियदर्शनी म्हणाली. “जरा फरशीवर या ना. मुळं धरायचीत अजून.” तिला वाटलं, काम बघायला नवीन गिऱ्हाईक आलं.

ग्यानोबांनी पायाखाली पाहिलं. मग भिंतीपर्यंत पाहिलं, मग घराच्या मागं डोकावून पाहिलं. उरलेलं लॉन कुणी घडी घालून ठेवलंय का म्हणून.

“स्टेज?”

“डेक म्हणताय का? तो काय, सर उभे आहेत तो.”

“त्याच्यावर तर एकच माणूस मावतोय.”

“हो, तो रीडिंग डेक आहे.”

“आणि आचाऱ्याची भट्टी ही का?” ग्यानोबा फायर पिटात वाकले. “हिच्यात तर चहाबी उकळायचा न्हाई.”

“त्याच्यावर काही शिजवायचं नसतं, काका.”

“मग पंगत काय, हवा खाणार? बरं, माणसं किती बसतील?”

“चार आरामात. सहा बसले तर गप्पा छान होतात.”

किशनरावनं कानामागं हात धरला. “किती म्हनली?”

“चार.”

“चारशे म्हन्तीय,” किशनरावनं ग्यानोबांना अभिमानानं सांगितलं.

पण ग्यानोबांचे कान शाबूत होते. “किशनराव,” ते म्हणाले, “ह्याला आमच्याकडं वाफा म्हन्त्यात. मेथी लावा, चांगली येईल. तुमी चार माणसांत सांगितलं, दोस्ताचं लॉन हाय म्हून. आमी घरी तसंच सांगितलं. साखरपुडा व्हायच्या आधीच थट्टा चालू केली का?”

किशनरावला शब्द सगळे ऐकू गेले नसतील, पण सोयऱ्याचं तोंड दिसत होतं. त्यानं हातातले पेढे या हातातून त्या हातात घेतले. मग महादेवप्पांकडे बघितलं. “मादेवा, सांग की रे ह्यास्नी.”

महादेवप्पांनी चष्मा काढला. तो स्वच्छ होता. काय सांगायचं ते त्यांना एकदाचं कळलं होतं, म्हणून ते बोलले. जसं ग्रंथालयात बोलत, तसं हळू. “हे लॉन नाही. अंगण आहे. शब्द मी चुकीचा लिहिला.”

“काय म्हन्तो?” किशनरावनं विचारलं.

“लॉन नाही, अंगण आहे.”

“कुठं हाय?”

मग महादेवप्पा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्यांना सवय नसल्यामुळे गरजेपेक्षा बरंच मोठ्यानं. “अंगण आहे हे. शब्द माझा चुकला. किशनरावनं विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही. थट्टा त्याची नाही, चूक माझी आहे.” समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. चौथ्या घरातलं कुत्रं भुंकलं. पार्वतम्मा पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि नवऱ्याला आपण ओळखतो का, अशा नजरेनं बघत राहिल्या.

ग्यानोबा जरा मऊ पडले. “बरं, मग माणसाची चूक होते,” ते म्हणाले. “पण आमाला आता कार्य कुठं धरायचं ते पक्कं पाहिजे. तोंडी नको.” आणि जीपमधे जाऊन बसले.

“वैनी, चहा नको,” किशनराव म्हणाला. पार्वतम्मांनी अजून विचारलाही नव्हता. पेढ्यांचा पुडा त्यानं कट्ट्यावर ठेवला, हातात दिला नाही. फाटकापाशी वळला आणि, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, खासगी म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला: “न्हाई म्हनला असतास तरी चाललं असतं रे. दुसरी जागा बघितली असती. न्हाई म्हनून घ्यायच्याबी लायकीचा न्हाई का मी?”

जीप गेली. महादेवप्पा फाटकाकडे बघत उभे होते, आणि या वेळी गवतावर होते. प्रियदर्शनीनं ते पाहिलं आणि ती दुसरीकडच्या कडा दाबायला लागली.

थोड्या वेळानं त्यांनीच तिला विचारलं, “यावर माणसं बसवली तर?”

“किती?”

“शंभरेक.”

“सर, हे मरेल.”

“पुन्हा लावता येतं?”

“लावता येतं,” तिनं तोंड वाकडं करत सांगितलं. “सतरंज्या लगेच काढल्या तर निम्मं वाचेलही. पण माझ्या कामाचे फोटो आधी काढून घेऊ द्या.”

“सुदर्शनच्या बारशाला ह्याच अंगणात शंभर पान उठलं होतं,” पार्वतम्मा म्हणाल्या. “आता एवढं सुधारल्यावर कमी कसं उठेल? ती तुझी चूल तेवढी झाकून घे, पोरं पडतील.”

“बुफे ठेवा, काकू.”

“बुफे म्हणजे उभ्यानं तुडवतील. पंगतच बरी, माणूस एका जागी बसतं.”

प्रियदर्शनीनं विचार केला. “ते मात्र खरंय,” ती म्हणाली.

महादेवप्पा आत गेले, कोरं कार्ड काढलं आणि कच्चं न करता थेट लिहायला बसले. दोन ठिकाणी खाडाखोड झाली, ती तशीच ठेवली.

‘किशनराव, तुला होकार द्यायचा नव्हता आणि नकार द्यायची छाती नव्हती, म्हणून गप्प बसलो. आता दोन्ही देतो. चारशे माणसांना नाही. डीजेला नाही. कमान लावायला खड्डे खणायला नाही. पुनमच्या साखरपुड्याला हो. शंभर माणसं, पंगत, सतरंजीवर. किल्लारीकरांना हे पटत नसेल तर जवळचं एखादं खरं लॉन बघायला मी तुझ्याबरोबर येईन. भाव करायला पार्वतीला आणीन, म्हणजे मालक लवकर शरण येईल. हे कार्ड ग्यानोबांना दाखव. पेढे खाल्ले नाहीत. तू आल्यावर खाऊ. महादेव.’

पार्वतम्मांनी कार्ड घेऊन वाचलं. “माझं नाव घालायची काय गरज होती?” एवढंच म्हणाल्या, आणि कार्ड परत दिलं.

पोस्टाची पेटी चौकाच्या पलीकडे होती. चपला घालून ते निघाले. वाटेत त्यांना वाटलं, ‘शरण येईल’ हे जरा जास्त झालं. पुढं वाटलं, सतरंजीचा उल्लेख करायला नको होता, सोयरे खुर्च्या मागतील. पेटीपाशी पोचेपर्यंत डोक्यात एक नवं, अधिक सभ्य पत्र तयार व्हायला लागलं होतं. ते पुरं व्हायच्या आत त्यांनी कार्ड फटीत सरकवलं आणि बोटं सोडली. पडल्याचा आवाज काही आला नाही. त्यांनी पेटीवर एक थाप मारून पाहिली, आणि घराकडे वळले.