निरोपाचं गाणं

टीव्हीच्या पडद्यावर काउबॉय घोड्यावरून उतरला तशी गया हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"अहो, आपलाच पिक्चर! कामठीचा!"

जगदीशला शब्द ऐकू आले नाहीत, पण पिक्चर त्यानंही ओळखला. बोलपट नवे होते तेव्हाचा, गाण्यांनी भरलेला. छप्पन्न साली, नव्या लग्नाचे असताना, दोघांनी तो छावणीच्या टॉकीजमध्ये पाहिला तेव्हाच जुना झाला होता. इंग्रजी कुणाला कळत होतं? पण काउबॉयचं निरोपाचं गाणं जगदीशनं पाठ केलं आणि चुकीच्या शब्दांत बायकोला वर्षानुवर्षं ऐकवलं.

इंग्लंडला आल्यावर कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपाशी बावीस वर्षं काढता काढता त्याचे कान गेले. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. आधी नोकरी जाण्याची भीती, मग नुसतीच लाज. ओठ बघून, मान डोलावून तो निभावून नेई.

नायिका व्हरांड्यात आली. काउबॉयनं टोपी काढली. हीच ती जागा, असं धरून जगदीश मोठ्यानं गाऊ लागला.

गया बघतच राहिली. पडद्यावरचं गाणं केव्हाच संपलं होतं. ती उठून त्याच्या पाठीमागे गेली. पुन्हा समोर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तीनदा हाक मारली," ती एकेक शब्द सुटा करून बोलली. "काहून सांगितलं नाही?"

जगदीशनं मान खाली घातली. तिनं त्याची हनुवटी वर केली.

"त्या दिवशी भांडी घासताना मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं झालं."

"आपल्या रवीला जॉब लागला म्हणालीस ना?"

तिनं कपाटातून हॉस्पिटलचं लेटर आणून त्याच्या हातात दिलं. छातीत गाठ होती. कॅन्सरची.

"मला वाटलं, यांना माझं काहीच नाही," गया म्हणाली.

सोमवारी तो आपण होऊन डॉक्टरकडे गेला. कानाचं मशीन मिळायला मार्च उजाडला. तोवर गयाचं ऑपरेशन झालं होतं, केस गेले होते, आणि आता करण्यासारखं फारसं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मशीन लावूनच तो घरी आला. गया पलंगावर पडून होती.

"आलात?"

तिचा आवाज इतका बारीक झाला असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं खुर्ची जवळ ओढली.

"आणखी बोल," तो म्हणाला.