गूढ म्हणे!

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. माझं नाव गूढ. आज माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझं कूळ साधं. संस्कृतात ‘गुह्’ म्हणजे झाकणं, लपवणं. गुहा माझी बहीण, गुह्य माझा भाऊ. मी म्हणजे झाकून ठेवलेलं, बस्स. पुढे साधकांनी मला जवळ केलं. मनाच्या तळाशी जे असतं आणि सांगता येत नाही, त्याला ते माझं नाव देत. तेव्हा मला मान होता. मग मी भामट्यांच्या हाती लागलो. ज्याला उत्तर द्यायचं नसे, तो डोळे मिटून माझं नाव घेई आणि लोक गप्प बसत.

पण परवा एका फर्निचरच्या कारखान्यात जे झालं, त्याने सगळ्यावर कडी केली.

तिथे बंद खोलीत दोघी बहिणी पॉलिश मारत. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की काम फुकट, म्हणून धाकटी रोज खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायची. आपल्या कामाच्या चकाकीचा दोघींना भारी अभिमान. आत पॉलिशचा उग्र वास कोंडायचा. थोरलीचं डोकं गरगरायचं, हात कापायचे. परवा ती कपाटाशेजारीच कोसळली. तिला बाहेर बाकावर निजवलं. मालक आला, हळहळला आणि धाकटीला म्हणाला, “आजार काहीतरी गूढ दिसतोय. आपल्या हातात काय आहे? उद्यापासून हिला आणू नकोस, बाकीचे घाबरतात.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझा नुसता संताप झाला. माझ्या आडून हा माणूस हात झटकत होता! धाकटी मात्र त्याच्या हाताकडे बघत होती.

“मालक, आजार गूढ आहे, तर आमच्या खोलीत येताना तुम्ही नाकाला रुमाल का लावता?”

मालकाने हात पाठीमागे नेला. रुमाल हातातच होता.

धाकटी आत गेली आणि आपणच कोंबलेली एकेक चिंधी तिने उपसून काढली. काढताना ती रडत होती. थोरलीला अजून पाण्याचा पेला धरता येत नाही.

मित्रांनो, मला जपून वापरा. जे खरंच कळण्यापलीकडचं आहे, त्याच्यासाठी मला राखून ठेवा. आणि कोणी मला तुमच्या तोंडावर फेकलं, तर मान डोलवू नका. एवढंच विचारा, झाकलं कोणी?