बसायचं काम

थोरलीला रिकामं बसता येत नसे. घर लाँड्रीचं. आई दिवसभर इस्त्रीशी उभी, बाबा कपडे पोचवायला बाहेर, आणि शाळेतून आली की थोरली घड्या घालायला. अभ्याससुद्धा तिने घड्या घालताघालताच केला होता. समोर पुस्तक, हातात कुणाचा तरी सदरा. तरी गणितात तिचा हात कुणी धरू शकत नसे, आणि म्हणूनच शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिचं नाव सुट्टीतल्या निवासी शिबिराला पाठवलं. आईने बाबांशी दोन दिवस अबोला धरला तेव्हा कुठे तिची पेटी भरली गेली.

शिबिर एका कॉलेजच्या वसतिगृहात होतं. वरच्या वर्गातली निवडक मुलं आली होती. इथे ताटं उचलायला माणसं, खोल्या झाडायला माणसं. मुलांनी करायचं काम एकच: बसायचं आणि विचार करायचा.

पहिल्याच दिवशी थोरलीचे हात शिवशिवायला लागले. तिने स्वतःचा कपाटातला कप्पा लावला. मग खोलीत सोबत राहणाऱ्या चष्मेवालीचा लावला. चष्मेवाली हुशार आणि तोंडाने फटकळ, पण तिचे मोजे कधीही जोडीने सापडायचे नाहीत. तिचे मोजे जुळले, तसे शेजारच्या खोलीतल्या मुलीही आपापले कपडे घेऊन आल्या. कुणाचं बटण, कुणाची उसवलेली बाही. चहाचे कप तर थोरली न सांगताच धुवायची. चार दिवसांत सगळं शिबिर तिला ‘मावशी’ म्हणू लागलं. तिलाही ते गोड वाटलं. परक्या ठिकाणी कुणाला तरी आपण लागतो, एवढ्याने माणसाला केवढा आधार होतो!

गणिताचं काम गटाने करायचं होतं. थोरलीच्या गटात चष्मेवाली आणि एक मुलगा, ज्याला सगळे बडबड्या म्हणत. शिबिरात गणित शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना कोडं दिलं होतं. एका ओळीत दिवे, प्रत्येकाला एक बटण. बटण दाबलं की तो दिवा आणि त्याच्या लगतचे दिवे उलटतात. पेटलेला विझतो, विझलेला पेटतो. सुरुवातीला कोणतेही दिवे पेटलेले असोत, सगळे विझवता येतीलच का? किती दिव्यांच्या ओळीत येतील, कितीच्या नाही?

चष्मेवाली आणि बडबड्या तावातावाने भांडायचे. थोरलीने दिव्यांसाठी बाटल्यांची बुचं गोळा केली, धुतली, एका बाजूने रंगवली. मग रंगीत पेनांनी असा तक्ता काढला की पाहत राहावं.

बाई तक्त्यापाशी थांबल्या. “अक्षर कुणाचं?”

“मावशीचं,” बडबड्या म्हणाला. “बुचंपण मावशीचीच.”

“आणि यातला विचार?”

थोरली जमिनीवर सांडलेला रंगाचा टिपका पुसायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली.

“ऊठ बघू,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, म्हणूनच मुलं त्यांना वचकून असत. “उद्या सकाळी तू फळ्याशी एकटीने यायचं. तुझ्या डोक्यातून निघालेली एक गोष्ट सांगायची. चुकलेली चालेल, दुसऱ्याची चालणार नाही. उद्यानंतर निम्मी मुलं परत जाणार आहेत. राहणाऱ्यांत तुला मी कशासाठी ठेवू, ते मला कळू दे. तक्ते काढायला नको.”



दुपारी घरी फोन करायची मुभा असे. पलीकडून आधी इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला, मग आईचा.

“जेवतेस ना नीट?”

“जेवते.”

“काय शिकलीस गं?”

थोरली म्हणाली, “आई, इथे सगळे चुरगळलेलेच कपडे घालतात.”

“घालू देत की. तुला काय करायचंय?” आई थबकली. लेकीला ती आतूनबाहेरून ओळखून होती. “तिकडेही घड्या घालत बसलीस की काय?”

“थोड्याच.”

“अगं बये! इथे ऐन गर्दीत मला दोन हात कमी पडतायत. पाठ धरलीये माझी. ते हात मी तिथे लोकांच्या शर्टांसाठी पाठवले का? तसं असतं तर इथेच ठेवले असते, निदान घरात तरी उपयोग झाला असता!” मग आवाज खाली आला. “तू बस गं. मला कधी बसायला मिळालं नाही. तू बसून बघ काय होतं ते.”

थोरली अभ्यासिकेत येऊन बसली. समोर बुचं मांडली.

चित्त एका जागी लावायला बसलं की नेमकी सगळी राहिलेली कामं आठवतात. रोज बसणाऱ्यांनाही ती आठवतातच. नवख्या जिवाची काय कथा! थोरलीला आठवलं, दोरीवर टॉवेल आहेत. खिडकीच्या काचेवर बोटं उठलीत. कोपऱ्यात कप साचलेत, त्यांना मुंग्या लागतील. एकदा ती उठली, कपांपर्यंत गेली, आणि स्वतःचाच हात स्वतःच धरून परत आली. खुर्ची टोचायला लागली. पाय हलू लागला. पाय थांबवला तर बोटं टेबलावर वाजू लागली. पायाला भिंगरी असती तर बरं, निदान कुठेतरी पोचली असती. हे तर बसल्या जागी गरगरणं होतं.

चष्मेवाली डोकावली. “मावशी, एकही कप धुतलेला नाही. आज संप आहे का?”

“बसलेय.”

“ते दिसतंय. किती वेळ?”

“उठेपर्यंत.”

“आणि माझा निळा कुर्ता?”

“तुझ्या हाताला काय मेंदी लागलीये?”

चष्मेवालीने चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. असं उत्तर मावशीकडून येईल हे तिच्या हिशेबातच नव्हतं. ती फणकाऱ्याने गेली. थोरलीला रडू आलं. उठून तिची समजूत काढावी, कुर्ता धुऊन टाकावा, सगळं पहिल्यासारखं करावं, असं फार वाटलं. पण ती बसून राहिली.

हातांना काहीतरी हवंच होतं, म्हणून ती उगीचच बुचं उलटू लागली. पाच दिवे. पहिलं बटण दाबलं, मग दुसरं. मधलं सोडून चौथं. मग पाचवं. पाहते तर बुचं होती तशीच! एवढं दाबून काहीच बदललं नव्हतं. चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. बुचं वेगळी मांडून पाहिली, तरी तेच.

तिला रागच आला. इतकी खटपट आणि जागच्या जागी? मग तिने प्रत्येक बुचावर बोट ठेवून मोजलं. प्रत्येक दिवा बरोबर दोनदा उलटत होता, म्हणून मूळपदावर येत होता. तीन दिव्यांची ओळ घेतली. तिथे सगळ्या तऱ्हेने दाबून पाहिलं. काही ना काही बदलल्याशिवाय राहत नव्हतं. असं का? पाचांत होतं आणि तिनांत होत नाही, असं का?

चहाची घंटा होऊन गेल्याचं तिला कळलं नाही.

सकाळी ती फळ्याशी उभी राहिली. तिने पाच गोल काढले, बाण काढले आणि एका दमात सांगून टाकलं.

“म्हणजे पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं दाबलं की काहीच होत नाही,” ती म्हणाली.

“काहीच होत नाही, हा शोध?” बडबड्या म्हणाला, आणि वर्ग हसला.

थोरलीचे कान तापले. तरी तिने तीन दिवेही काढून दाखवले. “इथे मात्र असं होत नाही.”

“मग?” बाईंनी विचारलं.

“मग... ठाऊक नाही. पण यातच काहीतरी आहे. काल दुपारपासून मला ते सोडत नाही.”

बाई पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. तेवढ्यात मागून चष्मेवाली ताडकन उठली. कालचा राग ती साफ विसरली होती. “अगं! अगं, दाबूनही काही होत नाही, म्हणजे मग उरलेल्या...”

“थांब!” थोरली ओरडली.

मावशीचा आवाज एवढा मोठा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिचं तिलाही नाही.

“सांगू नकोस,” ती जरा हळू म्हणाली. “माझं आहे ते. मला बघू दे.”

“अगं, मला कळलंय पण!”

“मग तोंड दाबून बस. मी आठवडाभर तुझे मोजे जुळवलेत.”

आता वर्ग पुन्हा हसला, पण वेगळं. चष्मेवाली दोन्ही हात तोंडावर ठेवून खाली बसली.

थोरली बाईंकडे वळली. “बाई, मी राहू? की पेटी भरू?”

“ते नंतर बोलू म्हटलं तर चालेल का तुला?”

“नाही,” थोरली म्हणाली. “आत्ता सांगा. पेटी भरायची असेल तर हे मला गाडीत करावं लागेल.”

“राहा,” बाई म्हणाल्या.

पण तोवर ती फळ्याकडे वळून तीन गोलांशेजारी चौथा काढत होती, आणि बाईंना तेच पुन्हा एकदा सांगावं लागलं.