घोड्याला म्हणायचा शब्द

माझ्या सासूबाई धावत्या घोड्यावरून दोनदा पडल्या आणि दोन्ही वेळा दोष मामंजींच्या नावाचा होता. मामंजी तिथे नव्हते. ते कधीचेच लढाईवर गेले आणि बेपत्ता झाले. पण त्यांच्या नावात तो शब्द आहे ना, लगाम खेचताना माणूस घोड्याला म्हणतो तो! आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, सून सासऱ्याचं घेत नाही, आणि नावात जो शब्द असेल तोही जिभेवर आणत नाही. घोडा उधळला की सासूबाई ओरडायच्या, "उभा राहा रे बाबा! पुरे झालं!" घोड्याला काय कळणार, कपाळ? तेव्हा मीही इथं नाव सांगणार नाही. सून आहे मी, समजून घ्या.

आधीची भावंडं पाळण्यातच गेली, हा तरी जगात टिकावा म्हणून आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव ते. आणि नेमके तेच हरवले.

सासूबाई मात्र 'हरवले' म्हणू द्यायच्या नाहीत. "वाट चुकले असतील. बाजारातून येतानासुद्धा चुकायचे," म्हणायच्या, आणि आम्हाला हसूही यायचं, भरूनही यायचं.

बसचंही तेच रडगाणं. जुमाश ड्रायव्हरची बस रोज पुलावरून सरोवराकडे जाते. सासूबाई रस्त्याकडेला रुमाल हलवत "उभी कर रे, उभी कर" म्हणायच्या, आणि तो मेला धूळ उडवत पुढे! वर दुसऱ्या दिवशी दात काढायचा, "मावशी, नीट शब्दात सांगा, मग बघा ब्रेक कसा लागतो!" सगळं ठाऊक होतं त्याला.

त्या वर्षी गावानं लढाईवरून न परतलेल्यांसाठी पुलापाशी दगड उभारला. ओसमोन मास्तरांच्या डोक्यातून निघालं की दगडावरचं कापड काढताना प्रत्येक घरानं आपल्या माणसाला नावानं मोठ्यांदा हाक मारायची. मास्तर आमच्याकडे आले, चहा प्यायले, ताटलीतले तळलेले बोरसोक एकट्यानं संपवले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडून हाक कोण मारणार?"

"मी मारतो," माझा नवरा म्हणाला.

"बापाला नावानं हाक मारतोस? लाज वाटते का काही?" सासूबाई कडाडल्या.

"मग मी मारतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही त्यांच्याहून लहान. शिवाय तुमच्या हाकेला ते वळूनसुद्धा बघायचे नाहीत. आमचे जर्दाळू चोरायचात, विसरले नसतील ते."

मास्तर गोरेमोरे झाले. उरले मी, तर माझ्याकडे बघून सगळे हसलेच. दुसऱ्या घरांत कोणाचा थोरला भाऊ होता, कोणाचे चुलते होते. आमच्याकडे वडीलधारं म्हणावं असं कोणी उरलंच नव्हतं.

"म्हणजे त्यांनाच तेवढी हाक नाही?" मास्तर हळूच म्हणाले. सासूबाई नुसती ताटली उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुरुत वळत होतो. घट्ट दह्याच्या त्या खारट गोळ्या उन्हात वाळवल्या की वर्षभर टिकतात. सासूबाई दरवर्षी एक वेगळी पुरचुंडी बांधून ठेवायच्या. मी पहिल्यांदाच विचारलं, "आई, ही कोणाची हो?"

"त्यांची. लढाईवर गेले त्या दिवशी द्यायची राहिली," त्या म्हणाल्या. "गाडी पुलावर गेली आणि बघते तर पुरचुंडी माझ्याच हातात! धावले. पण हाक काय मारू? शेजारी सासरे, मागे दीर. 'अहो! उभे राहा! अहो!' म्हणत सुटले. गाडीत गावचे सगळे बाप्ये. सगळेच कोणाचे तरी अहो! सगळ्यांनी हात हलवले. हे तर सगळ्यांत जोरात, आणि हसतसुद्धा होते."

सांगताना त्याही हसत होत्या. मग रुमालानं डोळे पुसले.

"एक शब्द गं, जिपार. घोडासुद्धा ऐकतो तो. म्हटला असता तर उतरले असते, पुरचुंडी घेतली असती, चार शब्द बोलले असते. ते गेले त्याचं दुःख आहेच, पण हे जास्त टोचतं बघ."

"मग आता म्हणा की."

"गप बस! अगं, तोंड वळत नाही त्या शब्दाला."

कापड काढायच्या दिवशी सगळं गाव पुलापाशी लोटलं. एकेका घराची हाक होत होती. आमची पाळी आली. सासूबाई पुढे झाल्या, डोक्याला पांढराशुभ्र रुमाल, हातात पुरचुंडी. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "अहो..."

मागे खसखस पिकली. माझाच जीव अर्धा झाला. मास्तर कापडाची दोरी धरून ताटकळले.

तेवढ्यात पुलावरून धूळ उडवत जुमाशची बस आली. गर्दी बघून बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून हात बाहेर काढले आणि हसत हसत हलवले. सासूबाईंनी ते हात पाहिले मात्र, आणि रस्त्याकडे धावतच सुटल्या.

"तोक्तोसुन! तोक्तो! अहो तोक्तोसुन, तोक्तो!"

अख्ख्या दरीत घुमलं ते. घ्या! आमच्या भाषेत तोक्तो म्हणजे थांब, आणि तोक्तोसुन म्हणजे थांबो, टिको. सासूबाईंनीच घेतलं, आता मी कशाला लपवू?

कर्कश ब्रेक लागला. जुमाशनं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं डोकं बाहेर काढलं. "काय झालं, मावशी? बसायचंय?"

"तुला नाही रे मेल्या! माझ्या नवऱ्याला हाक मारली!"

गाव हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मास्तरांनी हसता हसताच दोरी ओढली आणि चष्मा पुसत बसले. सासूबाई हसत होत्या, रडत होत्या, दोन्ही एकदमच चाललं होतं. मग चवड्यांवर उभ्या राहून त्यांनी पुरचुंडी खिडकीतून आत दिली.

"थांबलायस, तर घे. वाटेत खा. आणि सावकाश जा रे."

 जुमाशनं ती दोन्ही हातांनी घेतली.

बस हळूहळू निघाली. खिडक्यांतून पुन्हा सगळ्यांनी हात हलवले. या वेळी सासूबाईंनीही हलवला. हात रिकामा होता ना त्यांचा.