दाराच्या तीन कड्या

लॉन्ड्रीत त्याला सगळे डागमास्तर म्हणायचे. मशीनमध्ये कपडे कोणीही कोंबतं, त्याला अक्कल लागत नाही. पण डाग पडलेला कपडा आधी एका लांब टेबलावर यायचा आणि त्या टेबलामागे हा उभा. हातात ब्रश, समोर चार बाटल्या आणि डाव्या हाताला थंड पाण्याचा नळ. शाई, गंज, चहा, दारू, काहीही असो, नुसतं बोट फिरवून सांगायचा की डाग कशाचा आणि किती दिवसांचा. रक्ताच्या डागात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रक्ताला थंड पाणीच लागतं. घाईघाईत कोणी गरम ओतलं की खेळ खलास, मग तो डाग कपड्याचाच होऊन बसतो. नवीन कामाला आलेल्या बायकांना हे तो पहिल्याच दिवशी दहा वेळा सांगायचा, इतकं की त्या त्याच्या मागे त्याची नक्कल करायच्या.

परदेशात येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. निघाला तेव्हा पोरगी तीन वर्षांची. आल्या आल्या घरी फोन करून सांगितलं, खोली झकास आहे, खिडकीतून झाड दिसतं. झाड दिसत होतं, ते खरं. पण खोलीत आठ माणसं होती आणि पलंग चार. एक कामाला उठला की दुसरा त्याच जागेवर आडवा व्हायचा, गादी कधी गार म्हणून पडली नाही. हे तो बोलला नाही. बोलणार तरी कसा, सासऱ्यासमोर छाती ठोकून निघाला होता.

दुसऱ्या वर्षी बायको म्हणाली, आम्ही येतो, मिळेल त्यात भागवू. याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी नेमका टेबलावर एक पांढरा शर्ट आला होता, पुढून सगळा लाल. बीट सांडलं होतं. कोणाच्या तरी लेकराने वाडगं उपडं केलेलं. हा फोनवर म्हणाला, "अगं, बायकामाणसांनी राहायची ही जागा नाही. आजच एक शर्ट आलाय, रक्ताने माखलेला. भरदिवसा भोसकलं एकाला."

यायचा विषय तिथेच मिटला.

इथवर झालं असतं तर चाललं असतं. पण पुढच्या रविवारी फोन केला, तर तिने पहिलं काय विचारलं? "त्या शर्टवाल्याचं काय झालं हो?" म्हणून याला शर्टवाला दवाखान्यात घालावा लागला. त्याच्या पुढच्या रविवारी मेला. मग हळूहळू दर रविवारी एक कपडा. रंगाऱ्याची पँट आली की ती सुरीची भानगड व्हायची. नाकातून रक्त आलेल्या पोराची उशी आली की दरोडा. तिखटमीठ लावण्यात गडी वस्ताद. तिकडे फोनभोवती घर जमायचं, बायको, मेहुणा, शेजारची काकू, आणि पोरगी मांडीवर. पोरगी मोठी व्हायला लागली तशी तीच विचारायची, "बाबा, या आठवड्याला काय आलं?" दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी जायचा, तेव्हा तर लोक त्याच्याकडे असे बघायचे, जणू लढाईवरून आलाय. आयुष्यात कोणी त्याला इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

आणि गंमत बघा. सांगता सांगता ते त्याच्याच अंगात भिनलं. अकरा वर्षांत या माणसाची एक छत्री चोरीला गेली, तीही लॉन्ड्रीच्या दारातून, आणि बहुतेक चुकून. बाकी कोणी त्याला धक्का मारला नाही की शिवी दिली नाही. पण कामावरून खोली आणि खोलीवरून काम, याखेरीज त्याने वाट धरली नाही. लॉन्ड्रीपासून पाच मिनिटांवर नदीवरचा पूल होता. पुलापलीकडे तो कधी गेलाच नाही. एकदा खोलीत बरोबर राहणाऱ्या सुताराने विचारलं, तिकडे बाग आहे, येतोस का? हा म्हणाला, तिकडचं काही खरं नसतं. सुताराने विचारलं, कोण म्हणालं? याला सांगता येईना.

मग या वर्षी नशीब उघडलं. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी वरची दोन खोल्यांची जागा त्याला राहायला दिली. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचा नळ, आणि दार आतून लावलं की फक्त आपण. सरकारी कागदही आले, बायकोला आणि पोरीला आणायची परवानगी. एकच अट होती, पोरगी पंधराची व्हायच्या आत इथे यायला हवी. पंधरा पूर्ण व्हायला चार महिने होते. त्यानंतर तिचा कागद रद्द, आणि तिला सोडून बायको काही येणार नाही, हे सांगायला जोतिषी नको.

याने काय उड्या मारल्या. भिंतींना रंग दिला, पोरीसाठी पलंग आणला, पडद्याला कापड घेतलं. शाळा पुलापलीकडे होती, मालकीणबाईंनीच सुचवलेली. आणि मायलेकींना धास्ती वाटू नये म्हणून पठ्ठ्याने दाराला कुलपाबरोबर तीन जाड कड्या ठोकल्या. वर एक, मध्ये एक, खाली एक. सुताराकडून बसवून घेतल्या. सुतार म्हणाला, मास्तर, इथे काय खजिना ठेवणार आहेस? हा नुसता हसला.

रविवारी दुपारी फोन केला आणि बातमी सांगितली.

पलीकडून आधी मेहुणा बोलला. मेहुणा तिकडे शाळेची गाडी चालवायचा, माणूस सरळ. तो म्हणाला, दाजी, राग मानू नका, पण तुम्हीच सांगायचात ना, तिथे दिवसाढवळ्या माणसं कापतात. वयात आलेली पोर आहे. उद्या काही झालं म्हणजे?

याने खूप समजावलं. आता तसं राहिलं नाही, पोलीस कडक झालेत, हा भाग चांगला आहे. मग म्हणाला, तुमच्याकडे काय कमी आहे? गेल्या वर्षी भर बाजारात काकूच्या गळ्यातली साखळी खेचली ना?

बायको म्हणाली, "खेचली. पण इथला चोर कुठे राहतो ते आपल्याला ठाऊक असतं. त्याच्या आईला जाऊन बोलता येतं."

असे दोन महिने गेले. दर रविवारी तेच. हा सांगायचा काही होत नाही, ती म्हणायची तुम्ही आमचं मन राखायला बोलताय. अकरा वर्षं तिने डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि आता एका शब्दावर ठेवेना. शेवटी याला सुचलं, बोलण्यात अर्थ नाही, दाखवावं. रविवारी तीन वाजता, लख्ख ऊन पडलेलं, याने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे बायको आणि पोरगी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मेहुणा मागे उभा.

आधी खोली दाखवली. पडदे, नळ, पलंग. पोरगी पलंग बघून हसली. मग हा म्हणाला, चला, आता शाळा दाखवतो, आणि दाराकडे वळला. वरची कडी काढली, मधली काढली, खालची काढली, मग कुलूप फिरवलं. सवयीने करत होता, त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"एवढ्या कड्या कशाला हो?" बायकोने विचारलं.

"तुमच्यासाठीच बसवल्या."

"म्हणजे लागतात."

याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि जिना उतरला. रस्त्यावर भाजीवाली होती, सायकली होत्या, दोन म्हाताऱ्या बाकावर ऊन खात बसल्या होत्या. सगळं दाखवलं. मग पूल आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा हा पुलावर चढला. पलीकडे उतरला. झाडं लावलेला सरळ रस्ता, टोकाला शाळेचं पिवळं फाटक. हा जोरजोरात सांगत होता, बघ पोरी, ही तुझी वाट, सात मिनिटांची.

समोरून तीन तरुण आले. गप्पा मारत, एकाच्या हातात चेंडू. याचा हात खिशावर गेला आणि पायांनी आपोआप रस्ता ओलांडला. पलीकडच्या फुटपाथवर आला तेव्हा फोन अजून हातातच होता, आणि आता कॅमेरा झाडांकडे असला तरी मघाशी त्यात भिंत, आभाळ, रस्ता, सगळं गरागरा फिरलेलं त्या दोघींनी बघितलं होतं.

पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही रस्ता का ओलांडलात?"

"सावली होती इकडे."

"सावली तर तिकडे होती."

तरुण कधीच निघून गेले होते. एकाने चेंडू भिंतीवर आपटला, त्याचा आवाज तेवढा आला. हा शाळेच्या फाटकापाशी पायरीवर बसला. बायको मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही घरी जा बघू आधी. जपून जा. अहो, तुम्ही तिथे इतकी वर्षं जीव मुठीत धरून राहिलात, आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून..." तिने डोळ्याला पदर लावला.

तिथे याचा बांध फुटला. म्हणाला, "अगं, बीट होतं ते."

"काय?"

"पहिला शर्ट. बीट सांडलं होतं. भोसकलं-बिसकलं कोणी नव्हतं. त्या पँटीवर रंग होता. उशी नाकातल्या रक्ताची. माझी फक्त एक छत्री गेली गं अकरा वर्षांत."

मागून मेहुणा हळूच बाजूला झाला, नवराबायकोच्या मध्ये कशाला, म्हणून. पोरगी मात्र तिथेच होती. बायकोने डोळ्यावरचा पदर काढला. मग एवढंच विचारलं, "का?"

सांगितलं त्याने. आठ माणसं, चार पलंग, कधी गार न झालेली गादी. लाज वाटली म्हणाला. तुझ्या वडिलांना काय तोंड दाखवलं असतं?

बायको म्हणाली, "पडदा लावून राहिले असते मी. तेवढंही विचारलं नाहीत." आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "ही पोर चौदा वर्षांची आहे. अजून मी हिला शाळेच्या दारापर्यंत सोडते आणि आणायला जाते. मैत्रिणीकडे पाठवत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवत नाही. मला वाटायचं, माणूस तिथे एवढं सोसतोय, निदान इथली एक तरी जपावी. तुम्ही गोष्टी सांगत होतात, आणि हिला भीती शिकवत होते मी."

हा म्हणाला, आता तर खरं कळलं ना, आता या.

"खरं कोणतं?" ती म्हणाली. "आता खोटं बोलताय की तेव्हा बोलत होतात? आत्ता रस्ता ओलांडलात तो कशाला? तुमचं तुम्हाला तरी ठाऊक आहे का, ते गाव कसं आहे?"

आणि याला खरंच ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं राहिला, पण बघितलं होतं काय? टेबल, जिना आणि पुलाची अलीकडची बाजू. चांगलं गाव असेल. वाईटही असेल. तिकडच्यासारखे चार चोर इथेही असतीलच. शपथेवर काय सांगणार?

त्याने पोरीला विचारलं, तुला काय वाटतं बाळा? पोरगी नखं कुरतडत म्हणाली, "मला भीती वाटते, बाबा. खोटं होतं ते कळलं. तरी वाटतेच."

पुढच्या आठवड्यात लॉन्ड्रीत एक बाई रक्ताचा डाग पडलेली चादर घेऊन आली. घरी तिने गरम पाण्यात उकळली होती. डागमास्तराने बोट फिरवलं, नळाखाली धरली, ब्रश मारला, बाटल्या लावल्या. अर्धा तास झटला. मग घडी करून परत दिली. बाई म्हणाली, जाऊ द्या, थोडा फिका पडला तरी चालेल. हा म्हणाला, नाही पडणार.

दोन महिन्यांनी कागदाची मुदत सरली, पोरीचा पंधरावा वाढदिवस बुधवारी आला. याने मालकीणबाईंकडून सुट्टी मागून घेतली. फोन केला, आशीर्वाद दिले. बायको नीट बोलली, जेवलात का विचारलं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. फोन पोरीकडे गेला. मग पोरीने, बापाची दया येऊनच म्हणा, विचारलं, "बाबा, या आठवड्याला काय आलं?"

"चहाचे डाग," तो म्हणाला. "सगळे चहाचेच."

फोन ठेवून तो पूल ओलांडून गेला. शाळेसमोरच्या पायरीवर बसला. शाळा सुटली. पिवळ्या फाटकातून पोरी बाहेर आल्या, कोणी एकटी, कोणी घोळक्याने, दप्तरं आपटत, एकमेकींच्या वेण्या ओढत. कोणाला न्यायला कोणी आलं नव्हतं. सगळ्या आपापल्या वाटेने गेल्या. तो ऊन कलेपर्यंत बसून होता. कोणाला काही झालं नाही. काही म्हणजे काहीच झालं नाही, आणि ते त्याला बघवेना.

मग घरी आला. पलंगावर अजून दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. त्याने दार लोटलं, वरची कडी लावली, मधली लावली, आणि वाकून खालची लावली.