पाणथळीतली सुरमई

जावई मासे मोजायला निघालेत म्हटल्यावर सासऱ्यांना हसू आवरेना. ते टपालखात्यातून निवृत्त झालेले. सुट्टीचा एकही दिवस त्यांनी नदीकाठी गळ टाकल्याशिवाय घालवला नव्हता.

"गळ नाही, जाळं नाही, आणि मासे मोजणार? जावईबापू, पाण्यालाच विचारणार की काय!"

"तसंच काहीसं, बाबा. पाणथळ संरक्षित आहे, जाळं टाकायला बंदी. पण माशांच्या अंगावरचा चिकटा, खवले, विष्ठा पाण्यात मिसळतच असते. त्यात त्यांचा डीएनए असतो. बाटलीभर पाण्यावरून तिथं कोण कोण राहतं ते कळतं."

"म्हणजे उष्ट्या ताटांवरून पाहुणे ओळखायचे!" सासरे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आपणहून होडीत जाऊन बसले.

सहा ठिकाणचं पाणी घ्यायचं होतं. जावई हातमोजे घालून बाटली भरायचा आणि हातपंपानं पाणी बारीक गाळणीतून ढकलायचा. दुपारी होडीतच डबा उघडला. तळलेली सुरमई! जेवण झालं आणि नेमका पंप अडकला.

"आणा इकडे," म्हणत सासऱ्यांनी हात जेमतेम खळबळले, पंप खोलला आणि चुटकीसरशी दुरुस्तही केला. जावयाच्या ओठांवर 'नको' आलं होतं, पण सासऱ्यांना कसं म्हणायचं? भिडेखातर त्यानं पुढची बाटली भरायला घेतली.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतून यादी आली. अडतीस जाती, आणि त्यात सुरमई! समुद्र तिथून चारशे किलोमीटर. जावयाचे विभागप्रमुख खुर्चीतून उठलेच. "अहो, गोड्या पाण्यात सुरमई! केवढा शोध!"

जावयाला मात्र तो पंप आठवला. त्या दिवशी पडताळणीसाठी शेवटी त्याच पंपातून विकतचं शुद्ध पाणीही गाळलं होतं. त्याचा निकाल काढून पाहिला, तर त्यातही सुरमई.

घरी हे ऐकून त्याची बायको हसून हसून लोळायचीच बाकी राहिली. सासरे मात्र त्या रात्री धड जेवले नाहीत. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते थेट विभागप्रमुखांसमोर उभे राहिले.

"साहेब, ती सुरमई माझी. डब्यातली."

"नाही सर, चूक माझी," मागून धावत आलेला जावई म्हणाला. "पंपाला हात लावू नका, एवढं म्हणायचा मला संकोच वाटला."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "छापून आल्यावर कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. जा, पुन्हा पाणी आणा. पंप नवा घ्या."

या खेपेला सासऱ्यांनी कोपरापर्यंत हातमोजे चढवले. डब्यात नुसती केळी, तीही काठावरच ठेवलेली. नावाड्याचं नाक चुरचुरलं तरी ते ओरडायचे, "तोंड तिकडे करून शिंका!"

नव्या यादीतून सुरमई गेली, तरी जाती अडतीसच भरल्या. गाळात दडून राहणारा बोटभर लांबीचा एक मासा नव्यानं आला होता. बारा वर्षांत तो तिथं कुणाला आढळला नव्हता.

"दिसला कुठे?" सासरे खुर्चीच्या टोकाशी सरकले.

"दिसला नाही, बाबा. पण आहे."

सासऱ्यांनी यादीतलं ते नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. मग चपला घालून शेजाऱ्यांना सांगायला निघाले. इमारतीला चार मजले होते. तळमजल्यावर बोटभर असलेला तो मासा वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत चांगला हातभर झाला.