मांडीवरचं बाळ

आमच्या ह्यांना लढाईच्या काळातल्या लष्करी अधिकाऱ्यांचे जुने फोटो जमवायचा नाद. एका पानावर एकच अधिकारी, असा त्यांचा दंडक. फोटोत बायको, भाऊ, कुणीही असो, "गर्दी नको" म्हणतात आणि पेन्सिलीची रेघ मारून माझ्याकडे कापायला देतात. कात्री त्यांच्या हाताला बसत नाही.

त्या दिवशी एक म्हातारी आली. भावजयीनं ट्रंकेतलं सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं, म्हणून माग काढत ती आमच्या दारापर्यंत पोचली होती.

"माझे वडील आहेत त्यातल्या एका फोटोत. मी सहा महिन्यांची, त्यांच्या मांडीवर. मग ते आघाडीवर गेले ते गेलेच. आई सांगायची फोटोबद्दल, पण ट्रंकेची किल्ली दादाकडे. मला कधी बघायलाच मिळाला नाही."

ह्यांचे डोळे चमकले. बिननावाचे चेहरे त्यांना फार सलतात. "बसा मावशी, बसा. अगं, चहा टाक. हुद्दा काय होता म्हणालात?"

तिनं नाव, हुद्दा, पलटण, कुठे पडले तेही सांगितलं. ह्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर उतरवलं, खाली तिची सही घेतली. मगच अल्बममधलं त्या भंगारवाल्याकडून घेतलेल्या फोटोचं पान उघडलं.

"अगंबाई, दादाचंच नाक!" म्हातारी म्हणाली. मग तिचं बोट चेहऱ्यावरून खाली सरकलं. छातीवरच्या बिल्ल्यांशी फोटो संपत होता.

"हात नका लावू, डाग पडतो."

"आणि मी?"

"तुम्ही काय लष्करात होता?" हे मनापासून हसले.

"तेवढा तुकडा द्या साहेब. बाकीचा राहू दे तुम्हाला."

"कातरण कोण जपून ठेवतं, मावशी? केराबरोबर गेलं. पण काम बघा किती सफाईचं! हिचा हात आहे तो."

म्हातारी माझ्याकडे वळली. आता ही शिव्याशाप देणार, असं धरून मी पदर सावरून उभी राहिले.

"ताई, मग तुम्ही तरी पाहिलं असेल. कसं धरलं होतं हो बाबांनी मला?"

मी खूप आठवून पाहिलं. कापताना मी रेघ तेवढी पाहिली होती.

"लक्षात नाही," मी म्हणाले.

"सगळी बाळं सारखीच दिसतात," म्हणत ह्यांनी नावाची चिठ्ठी पानावर चिकटवली. "डिंक सुकेपर्यंत अल्बम उघडाच ठेवावा लागतो. तोवर बघा हवं तेवढं."